त्या पट्ट्यापाशी कुणीच रागावलेलं नव्हतं

पहिल्यांदा 'अवर डेली ब्रेड' बघितला तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते, लॅपटॉप मांडीवर, हेडफोन कानात, आणि पहिली दहा मिनिटं मी नुसती वाट बघत होते की आता कुणीतरी बोलायला लागेल. त्यात कुणी बोलतच नाही. म्हणजे कामगार आपापसात काहीबाही बोलतात, पण ते आपल्याला कळावं म्हणून नाही. निवेदन नाही, म्युझिक नाही, मुलाखती नाहीत, ही अमुक देशातली अमुक कंपनी अशी खाली अक्षरंसुद्धा येत नाहीत. निकोलाउस गायरहाल्टर नावाच्या ऑस्ट्रियन दिग्दर्शकाची 2005 सालची दीड तासाची डॉक्युमेंटरी आहे, युरोपातल्या मोठमोठ्या शेतांवर, शेडमध्ये, कत्तलखान्यात त्याने कॅमेरा नेऊन ठेवलाय आणि बस, समोर काय चाललंय ते बघा.

त्यात कोंबडीच्या पिल्लांचा एक सीन आहे. नुकती अंड्यातून निघालेली पिवळीधमक पिल्लं पट्ट्यावरून येतायत, शेकड्यांनी, आणि माणसं ती उचलतायत, टाकतायत, उचलतायत, टाकतायत. हात इतके सरावलेत की पत्ते वाटल्यासारखे चालतात. कुणी पिल्लांना मारत नाहीये, कुणी चिडलेलं नाही, चेहऱ्यावर कंटाळा आहे फार तर. पुढे एक बाई आहे, तिच्यासमोरून उलटी टांगलेली डुकरं सरकत जातात आणि ती एका यंत्राने त्यांचे पाय कापते, एक झालं की दुसरं. मध्येच ही माणसं डबा खाताना दिसतात. एकटी बसून, शांतपणे, भिंतीकडे बघत. मला त्या जेवणाच्या सीन्सनी जास्त त्रास दिला, का ते तेव्हा कळलं नाही.

याआधी मी 'अर्थलिंग्ज' बघायचा प्रयत्न केला होता. तोही 2005 चाच, प्राण्यांच्या हालांवरचाच, शॉन मॉन्सनचा, वाकीन फीनिक्स या नटाचा आवाज, मोबीचं म्युझिक. वीसेक मिनिटांत बंद केला मी तो. सहनच होईना, आरडाओरडा, रक्त, वर ते दुःखी संगीत, आपण अपराधी आहोत हे प्रत्येक वाक्यातून सांगणारं निवेदन. त्या फिल्मने पुष्कळ लोकांचं आयुष्य बदललं हे मला माहीत आहे आणि त्याबद्दल मनापासून आदर आहे, पण मी डोळे मिटून घेतले हे खरं. या ऑस्ट्रियन फिल्ममध्ये डोळे मिटावेत असं फार थोडं आहे, म्हणून मी ती पूर्ण बघितली, आणि तीच मनात राहिली.

दुसऱ्या दिवशी दादाला तो पिल्लांचा सीन दाखवला. त्याने नीट बघितला, परत एकदा लावायला सांगितला, आणि म्हणाला, "अगं पण यात क्रूर काय आहे? कोणी मारतंय का त्यांना?"

तो काही मला डिवचायला बोलला नव्हता, त्याला खरंच दिसलं नव्हतं. आणि मला उत्तर देता आलं नाही. त्याला सहा-सात वर्षं झाली असतील, मधल्या काळात या विषयावरच्या जेवढ्या फिल्म्स मिळाल्या तेवढ्या बघितल्या, वाचलंही बरंच, आणि आता वाटतंय की उत्तर थोडंफार देता येईल.

पहिली गोष्ट म्हणजे पिल्लं निवडतात कशाला. फिल्म ते सांगत नाही, मी नंतर वाचलं. अंडी देणाऱ्या कोंबड्यांची जात वेगळी आणि मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांची वेगळी. अंडी देणाऱ्या जातीत जो नर जन्माला येतो तो अंडी देणार नाही, आणि मांसाच्या जातीसारखा पटापट भरणारही नाही, म्हणजे कंपनीच्या हिशोबात त्याला खाऊ घालणं हा निव्वळ तोटा. म्हणून पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे करायचे आणि नर मारून टाकायचे, यंत्रात दळून नाहीतर गॅसने. जगभरात दरवर्षी अशी अब्जावधी पिल्लं मरतात. जर्मनीने 2022 पासून यावर बंदी घातली, फ्रान्सनेही घातली, तिथे आता अंड्यातच नर की मादी ते तपासायची यंत्रं आलीत. पण बाकी बहुतेक जगात हे कायदेशीर आहे, रोजचं काम आहे. त्या पट्ट्यापाशी कुणी रागावलेलं नसतं कारण रागवायचं काही कारणच नसतं, तिथे काही बिघडलेलंच नाही, सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय.

आता याच्या उलट जे व्हिडिओ आपण सगळ्यांनी कधी ना कधी बघितलेत ते घ्या. छुप्या कॅमेऱ्याचे. अमेरिकेत 2007 च्या शेवटी प्राणिहक्कवाल्या एका संघटनेचा माणूस कॅलिफोर्नियातल्या चिनो गावच्या कत्तलखान्यात नोकरीला लागला, काही आठवडे काम केलं, आणि अंगावर लपवलेल्या कॅमेऱ्याने शूट करत राहिला. डेअरीतून काढून टाकलेल्या म्हाताऱ्या गायी, ज्यांना उभंही राहता येत नव्हतं, त्यांना फोर्कलिफ्टने ढकलत नेतायत, विजेचे झटके देतायत, नाकात पाण्याचा फवारा मारतायत की घाबरून तरी उठेल. 2008 च्या जानेवारीत तो व्हिडिओ बाहेर आला आणि फेब्रुवारीत 14 कोटी 30 लाख पौंड बीफ बाजारातून परत मागवलं गेलं, म्हणजे साधारण साडेसहा कोटी किलो. अमेरिकेच्या इतिहासात त्याआधी एवढं बीफ कधीच परत मागवलं नव्हतं. त्यातलं बरंचसं शाळेतल्या मुलांच्या जेवणाच्या योजनेत गेलेलं होतं. कंपनी बंद पडली. दोन कामगारांवर खटले झाले.

विजयच म्हणायचा हा, आणि मला त्या अनाम माणसाबद्दल फार वाटतं, कारण रोज सकाळी तिथे जाऊन, ते सगळं बघून, काही न बोलता काम करत राहायचं आणि संध्याकाळी घरी येऊन फुटेज सांभाळून ठेवायचं, हे कसं केलं असेल त्याने. पण हे नीट बघितलं तर दोन गोष्टी टोचतात. एक म्हणजे मांस परत मागवलं ते गायींना छळलं म्हणून नाही, तर उभी न राहू शकणारी गाय आजारी असू शकते आणि तिची पुन्हा तपासणी न करता मांस लोकांपर्यंत गेलं, म्हणून. भीती आपल्या पोटाची होती. दुसरी गोष्ट, गुन्हा ठरला तो फोर्कलिफ्टचा. त्या गायीची उभं राहता येऊ नये अशी अवस्था का झाली, किती वेतं झाली, दर वेतानंतर वासरू कधी काढून नेलं, दूध किती काढलं, यातलं काहीच गुन्हा नव्हतं. म्हणजे नियमाच्या बाहेर जे घडलं तेवढंच क्रौर्य, आत जे होतं तो धंदा.

छुप्या कॅमेऱ्याचे व्हिडिओ आले की कंपन्यांचं उत्तर बहुतेक वेळा एकाच साच्यातलं असतं, की हे काही मोजक्या कामगारांचं वागणं आहे, आम्ही त्यांना काढून टाकलंय, आमच्याकडे असं चालत नाही. आणि लोकांनाही बरं वाटतं ते ऐकून. लाथ मारणारा माणूस दिसला की आपला राग कुठे ठेवायचा ते कळतं. तो माणूस बहुतेकदा गरीब, परदेशातून आलेला, तासाला शेकड्यांनी जनावरं पुढ्यातून सरकतायत अशा लाइनवर उभा असलेला. त्याला काढून टाकलं की लाइन तशीच चालू.

पोटाचा हा मुद्दा जुनाच आहे तसा. अप्टन सिंक्लेअरने 1906 साली शिकागोच्या कत्तलखान्यांवर 'द जंगल' ही कादंबरी लिहिली, त्यासाठी तो तिथे कामगारांमध्ये मिसळून राहिला होता. त्याला दाखवायचे होते कामगारांचे हाल, वाचकांना दिसली मांसातली घाण, आणि त्याच वर्षी अमेरिकेत मांस तपासणीचा कायदा झाला. त्यावर तो म्हणाला होता की मी लोकांच्या हृदयावर नेम धरला होता, तो चुकून पोटावर लागला. 1914 मध्ये त्या कादंबरीवर मूकपटही निघाला होता, सिंक्लेअरने स्वतः त्यात काम केलं होतं, पण आज त्याची एकही प्रिंट उरलेली नाही.

'फूड, इंक.' बघताना मला सिंक्लेअरचं ते पोटाचं वाक्य सारखं आठवत होतं. रॉबर्ट केनरची 2008 ची फिल्म, ऑस्करचं नामांकन मिळालेली, या विषयावर सगळ्यात जास्त लोकांनी बघितलेल्यांपैकी एक. तिचा मोठा भाग आपल्या पोटाबद्दलच आहे, मक्याबद्दल, ई. कोलाय या जिवाणूबद्दल, बर्गर खाऊन दगावलेल्या अडीच वर्षांच्या मुलाच्या आईबद्दल, आणि ती बाई बोलते तेव्हा आपल्याला श्वास घ्यायला जड जातं. पण माझ्यासाठी फिल्मचा गाभा वेगळाच. कॅरोल मॉरिसन नावाची मेरीलँडमधली एक बाई आहे, मोठ्या कंपनीसाठी कॉन्ट्रॅक्टवर कोंबड्या वाढवते. बाकीच्या शेतकऱ्यांनी कॅमेरा आत येऊ दिला नाही, एक जण आधी हो म्हणाला, मग कंपनीची माणसं येऊन भेटून गेली आणि त्याने नाही सांगितलं. मोठ्या कंपन्या बोलल्याच नाहीत, पडद्यावर तेवढंच लिहून येतं की मुलाखतीला नकार दिला. ही बाई म्हणाली या.

ती शेडमध्ये शिरते तेव्हा खाली जमीन दिसत नाही, नुसत्या कोंबड्या. धूळ. ती चालता चालता मेलेल्या कोंबड्या उचलते, ते तिचं रोजचं काम आहे. फिल्म सांगते की 1950 साली कोंबडी तयार व्हायला 70 दिवस लागायचे, आता 48 दिवसांत ती तेव्हाच्या दुप्पट आकाराची होते. मांस एवढं भराभर चढतं की हाडं आणि आतले अवयव मागे पडतात, कोंबडी दोन-चार पावलं टाकते आणि बसते. बसते म्हणजे कोसळतेच. तिला कुणी मारलेलं नाही. तिचं शरीरच तिला पेलत नाही, आणि ते शरीर पिढ्यान्पिढ्या निवडून निवडून तसं बनवलंय. दादाला मी नंतर हा भाग दाखवला तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला.

आणि मॉरिसनबाईचं काय, तर तीही त्याच शेडमध्ये अडकलेली. कोंबड्या कंपनीच्या, खाद्य कंपनीचं, शेडचं कर्ज तेवढं शेतकऱ्याचं. फिल्ममध्ये आकडा दिलाय, दोन शेड असणाऱ्या शेतकऱ्याच्या डोक्यावर साधारण 5 लाख डॉलरचं कर्ज आणि वर्षाची कमाई 18 हजार डॉलर. कंपनी म्हणणार नवी यंत्रं बसवा, नाही बसवली तर कॉन्ट्रॅक्ट जाणार, बसवली तर कर्ज वाढणार. मॉरिसनला शेड पूर्ण बंद करून घ्यायला सांगितलं होतं, उजेड येणार नाही असं, तिने नकार दिला आणि तिचं कॉन्ट्रॅक्ट गेलं. नंतर तिने स्वतःच्या कोंबड्या पाळल्या, मोकळ्या, अंड्यांसाठी. मला वाटतं कॉर्पोरेट हा शब्द आपण फार सैल वापरतो, त्याचा खरा अर्थ त्या बाईच्या शेडमध्ये कळतो. निर्णय घेणारा माणूस त्या शेडमध्ये कधी उभाच नसतो. जो उभा असतो त्याला निर्णय घ्यायची मुभा नसते, आणि कोंबडी तर काय बोलूनचालून कोंबडी.

इथेच एक सांगून टाकते, या विषयावरच्या सगळ्याच फिल्म्स डोळे झाकून मानायच्या असं मला नाही वाटत. 'काउस्पिरसी' 2014 मध्ये आली तेव्हा जगातल्या हरितगृह वायूंपैकी 51 टक्के पशुपालनातून येतात असा आकडा तिने ठासून सांगितला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचा अंदाज होता 14.5 टक्के. साडेचौदा टक्के कमी आहेत का? फुगवायची गरजच नव्हती. अशा एका आकड्यामुळे समोरच्याला सगळंच उडवून लावायला मिळतं आणि ज्यांनी जीव धोक्यात घालून फुटेज आणलंय त्यांच्यावरही शिंतोडे उडतात. मला राग येतो त्याचा.

'डोमिनियन' मात्र सगळ्यांनी बघावा असं मी म्हणणार नाही, मला स्वतःला तो चार बैठकींत बघावा लागला. ख्रिस डेलफोर्सने 2018 मध्ये केलेली ऑस्ट्रेलियन फिल्म, दोन तासांची, ड्रोन आणि छुपे कॅमेरे, निवेदनात परत वाकीन फीनिक्स आणि रूनी मारा वगैरे. वरून ड्रोनने घेतलेली ती लांबच लांब शेड्स, एकाही शेडला खिडकी नाही, गोदाम वाटावं. आत काय ते कळतच नाही. त्यात डुकरांच्या गॅस चेंबरचं शूटिंग आहे. हे मला थोडं सविस्तर लिहायचंय कारण याबद्दल लोकांना अजिबात माहीत नसतं आणि मलाही नव्हतं.

ऑस्ट्रेलियात आणि युरोपातही मोठ्या कत्तलखान्यांत डुकरांना मारायच्या आधी कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध करतात. पाळण्यासारखा पिंजरा असतो, त्यात काही डुकरं एकदम घालतात आणि तो खाली खड्ड्यात उतरवतात जिथे गॅस साठलेला असतो, 80-90 टक्क्यांपर्यंत. कागदावर हे चांगलं दिसतं. विजेचे झटके देत एकेकाला ओढत न्यावं लागत नाही, कळपात राहतात, माणसाला हातही लावावा लागत नाही. म्हणूनच ते दयाळू म्हणून स्वीकारलं गेलं. पण हा गॅस ओलाव्याला लागला की आम्ल होतं, डोळ्यांत, नाकात, घशात, फुप्फुसात, शिवाय गुदमरतंय हे शरीराला लगेच कळतं. डेलफोर्सच्या लोकांनी कॅमेरे लपवले ते त्या चेंबरच्या आत. पिंजरा खाली जातो, काही सेकंद शांतता, आणि मग ती किंचाळायला लागतात, उड्या मारतात, वर तोंड करून नाक जाळीतून बाहेर काढायचा प्रयत्न करतात, एकमेकांच्या अंगावर चढतात. मी आवाज बंद केला होता, मग वाटलं हे चुकीचं आहे, त्यांचा आवाज आपण बंद करायचा नाही, म्हणून परत चालू केला.

त्यात एकही माणूस नाही. बाहेर कुणीतरी बटण दाबलं असेल. आणि हे नियमबाह्य नाही हो, यंत्र मान्यताप्राप्त, गॅसचं प्रमाण मान्यताप्राप्त. 2020 मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने अहवालात लिहिलं की जास्त प्रमाणातला कार्बन डायऑक्साइड हा डुकरांसाठी गंभीर त्रासाचा आहे, पण यंत्रं अजून चालूच आहेत, कारण तासाला इतकी डुकरं दुसऱ्या कुठल्या पद्धतीने होत नाहीत. दादाचा प्रश्न, कोणी मारतंय का, त्याचं उत्तर मला इथे मिळालं खरं तर. कुणीच मारत नाही असं दिसावं म्हणूनच ती जागा तशी बांधली आहे.

या सगळ्यावर धंद्याची प्रतिक्रिया काय, तर कॅमेऱ्यालाच गुन्हेगार करा. अमेरिकेत आयोवा राज्याने 2012 मध्ये तसा कायदा केला, युटाहने त्याच वर्षी, आयडाहोने 2014 मध्ये, तिथल्या एका डेअरीत गायींना मारहाण करतानाचा छुपा व्हिडिओ गाजल्यानंतर. आयडाहोच्या कायद्यात डेअरीत परवानगीशिवाय शूटिंग केलं तर एक वर्षापर्यंत तुरुंग, आणि त्याच राज्यात जनावराशी क्रूरपणे वागण्याचा पहिला गुन्हा केला तर सहा महिन्यांपर्यंत. हे वाचून मी दोनदा परत वाचलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि 2015 मध्ये न्यायाधीशांनी तो कायदा घटनाबाह्य ठरवला, आणि निकालात चक्क अप्टन सिंक्लेअरचं उदाहरण दिलं, की 'द जंगल'साठी त्याने जे केलं ते या कायद्याखाली गुन्हा ठरलं असतं. पुढे वरच्या कोर्टात कायद्याचा काही भाग वाचला, पण शूटिंगवरची बंदी गेली. ऑस्ट्रेलियात उलट झालं. 8 एप्रिल 2019 ला 'डोमिनियन'ला एक वर्ष झालं म्हणून मेलबर्नमध्ये कार्यकर्त्यांनी भर चौकात रस्ता अडवला, आणि त्याच वर्षी संसदेने कायदा केला तो शेतांवर घुसायला लोकांना चिथावणाऱ्यांविरुद्ध. चेंबर तसंच राहिलं.

आता कथापटांबद्दल. मला आधी वाटायचं की अशा विषयावर गोष्ट रचणं म्हणजे पळवाट. मग 'ओक्जा' बघितला. बोंग जून-होचा 2017 चा, मिजा नावाची लहान मुलगी आणि तिचा हत्तीएवढा सुपरपिग ओक्जा, आणि त्याला घेऊन जाणारी कंपनी. फिल्म करायच्या आधी बोंग जून-हो कोलोरॅडोतल्या एका खऱ्या कत्तलखान्यात जाऊन आला होता आणि त्यानंतर काही काळ त्याने मांस सोडलं होतं. शेवटच्या भागात ते कळतं. मिजा ओक्जाला सोडवते ती कशी, तर रडून नाही, विनवण्या करूनही नाही. सोन्याचं डुक्कर देऊन विकत घेते. कंपनीला कळणारी एकच भाषा होती ती. मग त्या दोघी बाहेर चालत जातात आणि कुंपणाच्या आत हजारो तशीच जनावरं उभी, आणि त्यातली एक जोडी आपलं पिल्लू तारेखालून हळूच बाहेर ढकलते. एक पिल्लू वाचतं. बाकीच्यांसाठी सोनं नाही.

असाच एक कुंपणाचा सीन रिचर्ड लिंकलेटरच्या 'फास्ट फूड नेशन'मध्ये आहे, 2006 चा. कॉलेजची मुलं रात्री जाऊन तार कापतात, गायींना म्हणतात जा, पळा. गायी हलतच नाहीत. मुलं ढकलतात, ओरडतात, गायी उभ्या. फार बोललं जात नाही या सीनबद्दल, पण मला तो या अख्ख्या विषयावरचा सगळ्यात खरा सीन वाटतो.

आणि 'बेब', 1995 चा. बोलणाऱ्या डुकराचा गोड सिनेमा म्हणून लहानपणी बघितलेला. परत बघा कधीतरी, सुरुवात बघा. अंधारी शेड, ओळीने डुकरिणी, पिल्लाची आई नेली जाते आणि पिल्लांना वाटतं ती छान ठिकाणी चाललीये. दोन-तीन मिनिटांचाच भाग असेल, मुलांच्या सिनेमात. त्यात शेतकऱ्याचं काम करणारा जेम्स क्रॉमवेल तो सिनेमा करताना व्हीगन झाला, म्हणजे मांसच काय, दूध-अंडीही सोडली त्याने, आणि पुढे प्राण्यांसाठी आंदोलनं करत राहिला, अटकही झाली त्याला.

शेवटी मला ज्या दोन फिल्म्सबद्दल लिहायचंच होतं त्या म्हणजे 'गुंडा' आणि 'काउ'. नाव वाचून आपल्या मनात भलतंच येतं पण गुंडा हे नॉर्वेमधल्या एका डुकरिणीचं नाव आहे. व्हिक्टर कोसाकोव्स्कीने 2020 मध्ये आणली ही, ब्लॅक अँड व्हाइट, ना निवेदन ना म्युझिक, एकही माणूस दिसत नाही. ब्लॅक अँड व्हाइट का, तर गुलाबी गोंडस पिल्लं बघून आपण नुसते विरघळू नये, त्यांच्याकडे नीट बघावं, असं त्याचं म्हणणं. गंमत बघा, 1949 मध्ये जॉर्ज फ्रांजूने पॅरिसच्या कत्तलखान्यांवर वीसेक मिनिटांची फिल्म केली होती, तीही ब्लॅक अँड व्हाइट, आणि त्याचं म्हणणं होतं की रंगीत असती तर लोकांना नुसती किळस आली असती. एकाने किळस टाळायला रंग काढला, दुसऱ्याने गोडवा टाळायला, सत्तर वर्षांच्या अंतराने.

'गुंडा'मध्ये तासभर काही घडत नाही. पिल्लं जन्मतात, दूध पितात, पावसात नाचतात, मोठी होतात. हे तसं चांगलं शेत आहे, मोकळं, चिखल आहे, गवत आहे. आणि मग एक ट्रॅक्टर येतो, पिंजरा लावतो, पिल्लं भरून निघून जातो. त्यानंतर कितीतरी मिनिटं कॅमेरा तिच्याबरोबर फिरतो. ती इकडे जाते, तिकडे जाते, थांबते, कान देते, परत निघते, हुंकारते. भरलेली आचळं लोंबतायत. मी कितीही डेटा दिला असता तरी जे झालं नसतं ते त्या मिनिटांनी केलं.

'काउ' अँड्रिया अरनॉल्डची, 2021 ची, इंग्लंडमधल्या लुमा नावाच्या दुभत्या गायीच्या मागे कॅमेरा घेऊन चार वर्षं. वासरू जन्मतं, ती चाटते, ते नेलं जातं, ती हंबरते, दूध काढायला जाते, तिथे रेडिओवर प्रेमाची गाणी लागलेली असतात. माणसं वाईट नाहीत त्यात. नावाने हाक मारतात, पाठीवर थोपटतात. आणि शेवटी तिचा उपयोग संपतो तेव्हा समोर खायला ठेवतात, ती खाली मान घालून खाते आणि बंदुकीचा आवाज येतो.

ही मी दादाबरोबर बघितली. मुद्दाम दाखवायला म्हणून नाही, तो आला होता आणि मी बघतच होते. संपल्यावर बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "माणसं बरी होती गं ती. मग चिडायचं कोणावर?"

मी म्हटलं, दादा, मला तुझ्या त्या पिल्लांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं इतकी वर्षं. त्याला आठवतच नव्हतं तो काय म्हणाला होता ते. मग मी त्याला सांगितलं की इंग्लंडमध्ये 2018 पासून प्रत्येक कत्तलखान्यात कॅमेरे लावणं सक्तीचं केलंय, जिवंत जनावर जिथे जिथे असतं तिथे सगळीकडे, आणि ते फुटेज 90 दिवस जपून ठेवावं लागतं, सरकारी पशुवैद्य कधीही मागू शकतात. छुप्या कॅमेऱ्यांनी वर्षानुवर्षं जे बाहेर काढलं त्याचाच हा परिणाम आहे.

"म्हणजे आता सगळं शूट होतं?"

"हो. रोज."

"आणि काय दिसतं त्यात?"

मी म्हटलं, बहुतेक वेळा काहीच चुकीचं नाही. दिवसभराचं काम दिसतं.